एकाच कात्रीने

परसातल्या त्या एकाच झाडाला सहा माणसांची सफरचंदं लागत. खुंट कुठल्यातरी रानटी जातीचा, आणि त्यावर सासऱ्यांनी वेगवेगळ्या वर्षी बांधलेली सहा कलमं. सगळ्यात वर सासूबाईंची फांदी. तिची फळं पिवळसर, आंबट, पातळ सालीची, आणि ती जात आता कुठल्या रोपवाटिकेत मिळत नाही. तिच्याखाली थोरल्या मुलाची लाल, मुलीची गुलाबी रेघांची, धाकट्याची हिरवी. सून घरात आली त्या वर्षी तिच्या नावाने एक गडद, जवळजवळ काळपट लाल जात चढली. नात झाली तेव्हा तिची, मुठीत मावतील एवढ्या फळांची.

सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण आणि आतून पोखरलेली वजनं शोधण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. बाजारात त्यांना तराजूसाहेब म्हणत. घरात आपण कुणाला मासाभर कमी दिलं नाही की जास्त दिलं नाही, हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे दुसऱ्या कुणावर सांगायची वेळ येत नसे. झाडालाही तोच न्याय होता. एका खुंटावर अनेक जाती असल्या की त्यातली जोरकस असेल ती सगळा रस ओढते आणि बाकीच्या वाळतात. म्हणून ते शिंप्याची फीत घेऊन प्रत्येक फांदीचा घेर मोजत, वहीत लिहीत आणि वर्षातून दोनदा छाटत. एकदा थंडीत, झाड झोपलेलं असताना, आणि एकदा फुलं झडल्यावर, हलक्या हाताने.

सुनेची फांदी सगळ्यात जोमाने वाढे. त्यामुळे कात्री नेहमी तिथूनच सुरू होई.

"सूनबाई, तुझी फार माजते बघ," ते म्हणत.

"खायला घालता म्हणून माजते, बाबा," असं ती सुरुवातीच्या वर्षांत म्हणायची. पुढे पुढे नुसती हसायची, आणि मग तेही सोडून दिलं.

ती सरकारी इस्पितळात होती. तळमजल्यावर शेवटच्या खोलीत, जिथे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, पुसून, हिरव्या कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालतात. तेवीस वर्षं. सगळं इस्पितळ तिला वाफबाई म्हणे. दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला भाजल्याचे जुने डाग होते, बांगड्या घातल्यासारखे. प्रत्येक गाठोड्यावर एक चिकटपट्टी लावतात, आणि वाफ नीट पोचली की त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटल्या नाहीत तर गाठोडं परत यंत्रात, मग वर टेबलावर कुणी का पडलेलं असेना. एकदा एका मोठ्या सर्जनने खाली येऊन आरडाओरडा केला होता. रेघा फिक्या आहेत पण आहेत ना, म्हणाले. वाफबाईंनी गाठोडं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, फिकी रेघ म्हणजे रेघ नाही. वीस मिनिटं बसा, चहा सांगते." आणि ते बसले होते.

ही गोष्ट इस्पितळात नव्या परिचारिकांना सांगितली जाई. घरी कुणाला माहीत नव्हती. घरी तिची कीर्ती वेगळी होती. पाहुणा आला की धाकटा दीर म्हणे, "चप्पल बाहेर, जंतू बाहेर, आणि जमलं तर तुम्हीसुद्धा बाहेर." नणंद आपल्या बाळाला मांडीवर देताना सांगे, "वहिनी, घे, पण उकळू नकोस." नवरा ड्रायव्हिंग शिकवायच्या शाळेत शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून तो संध्याकाळी इतका थकलेला असे, की घरात कुणाच्या बोलण्यावर ब्रेक दाबायचं त्याच्या जिवावर येई. तोही हसे.

झाडाच्या कात्रीवरून खरी वादावादी झाली ती सहा-सात वर्षांपूर्वी. ती म्हणाली होती, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाताना कात्री स्पिरिटने पुसावी. झाडाची जखम ती जखमच. सासरे म्हणाले, "झाडाला धनुर्वात होत नाही." तरी तिने दोन वर्षं छाटणीच्या आदल्या दिवशी कात्री घासूनपुसून ठेवली. त्यांनी पकडलं आणि कात्री आपल्या कपाटात कुलपात ठेवायला सुरुवात केली. चावी जानव्याला बांधावी तशी कमरेच्या करगोट्याला.

हेही तिने गिळलं असतं. पण पुढे सासूबाईंच्या पायाची जखम चिघळली. ती रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी बदले. सासरे तसेच बागेतून यायचे आणि बायकोच्या पायावरून हात फिरवायचे. "बाबा, आधी हात धुवा," असं ती एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "एकेचाळीस वर्षं हात लावतोय तिला, तू मला शिकवू नकोस." सासूबाई गेल्या. तेराव्या की चौदाव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं दिवसरात्र उकळून शेवटी काय उपयोग झाला?" नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दिवसापासून तिने घरात कुणाला हात धुवायला सांगितलं नाही.

त्याला तीन वर्षं झाली. या वर्षी झाड फुलांनी लगडलं होतं, आता फुलं झडत आली होती आणि हवा दमट होती, अंगाला चिकटणारी. एका गुरुवारी कपडे वाळत घालताना तिला धाकट्याच्या फांदीवर फुलांचे तीन गुच्छ तपकिरी झालेले दिसले. जवळ जाऊन बघितलं. पाकळ्या झडलेल्या नव्हत्या, जागच्या जागी काळवंडल्या होत्या. खालच्या कोवळ्या फुटव्याचं टोक काठीच्या मुठीसारखं खाली वळलं होतं. देठाशी मधाच्या रंगाचा एक थेंब होता. तिने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. पुवाशी तिची जुनी ओळख होती.

शुक्रवारी तिने ते टोक प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून इस्पितळाच्या बसथांब्याजवळच्या रोपवाटिकेत नेलं. रोपवाटिकावाला जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. त्याने पिशवी उघडलीच नाही, बाहेरूनच उजेडात धरून बघितली.

"करपा," तो म्हणाला. "साधा नव्हे. जिवाणूंचा. घरात आग लागावी तसा पळतो हा. रोगट भागाच्या वीतभर खाली कापा, जाळून टाका, आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, बाई."

"आणि नाही पुसली तर?"

"मग कात्रीच रोग वाटत फिरेल. त्यापेक्षा हात न लावलेला बरा."

येताना बसमध्ये तिला चक्क बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी आपलं म्हणणं कुणीतरी तिसऱ्याने, कामातल्या माणसाने, आपण न विचारता बोलून दाखवलं होतं.

छाटणी रविवारी होती. त्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, आपापली फांदी आपण धरायची आणि सासऱ्यांनी कापायची, अशी त्या घराची रीत होती. शनिवारी संध्याकाळी नणंद आणि दीर आले. लेक दूरच्या शहरात वसतिगृहात होती, तिची परीक्षा होती. जेवायला सगळे टेबलाभोवती बसले. तिने सगळ्यांना वाढलं, स्वतः बसली आणि म्हणाली, "बाबा, उद्याच्या छाटणीचं जरा बोलायचं होतं. भाऊजींच्या फांदीला..."

"आलं," दीर म्हणाला. "माझ्या फांदीला ताप आलाय. वहिनीने थर्मामीटर लावला असणार."

नणंदेला ठसका लागला. सासरेही हसले.

"तसं नाही, मी रोपवाटिकेत विचारून..."

"कुठल्या रोपवाटिकेत?" सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. "हे झाड मी बांधलंय. सहाच्या सहा कलमं. एक वाया गेलं नाही. आता बाहेरच्या माणसाला विचारायचं?"

"बाबा, ऐकून तर घ्या ती काय..." नवऱ्याने सुरुवात केली.

"ऐकलंय मी तिचं. तिच्या सासूच्या वेळी सगळं ऐकलं. काय झालं?"

टेबलावर तिने तीन जणांकडे बघितलं. दीर ताटात बघत होता. नणंद पाणी पीत होती. नवऱ्याने जे वाक्य सुरू केलं होतं ते त्याने तिथेच सोडून दिलं होतं, रस्त्यात गाडी बंद पडावी तसं.

"मीठ कमी आहे का भाजीत?" ती म्हणाली.

"नाही, बरोबर आहे," नवरा म्हणाला.

रविवारी सकाळी सासऱ्यांनी कपाट उघडलं. कात्री कापडात गुंडाळलेली, थंडीच्या छाटणीनंतर तेल लावून ठेवलेली, कोरडी आणि लखलखीत होती. शिडी लावली. "चला," म्हणाले, "माजलेलीपासून."

तिने आपली फांदी धरली. त्यांनी पाच-सहा सरळसोट फुटवे उडवले. पाती स्वच्छ होती, काप स्वच्छ पडले.

दुसरा धाकटा. त्याने फांदी धरली आणि काळे गुच्छ बघून म्हणाला, "बाबा, हे काय झालंय?"

"परवा पहाट गार होती. गारठलीत फुलं. काढून टाकू." काळ्या टोकाच्या बोटभर खाली त्यांनी कात्री दाबली. एक, दोन, तीन. पात्यांना काहीतरी चिकट लागलं. त्यांनी कात्री पँटवर पुसली.

ती तीन पावलांवर उभी होती. सांगायला फार वेळ लागला नसता. 'बाबा, थांबा' एवढं पुरे होतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं, आणि त्याच्या मागोमाग कालचं सगळं टेबलही आलं. तिने ओठ मिटले.

कात्री नणंदेच्या फांदीवर गेली. मग नवऱ्याच्या. तो फांदी धरून उभा असताना तिच्याकडे बघून किंचित हसला, काल रात्रीची भरपाई केल्यासारखं. ती हसली नाही, पण मानही फिरवली नाही. पात्याच्या बिजागरीपाशी मधाच्या रंगाची एक ओली रेघ होती. तेवीस वर्षांच्या नजरेला ती कुणी रंगवून ठेवल्यासारखी दिसत होती.

"हिची कोण धरणार?" सासऱ्यांनी नातीच्या फांदीकडे बोट केलं.

"धर गं, तू धर," नणंद म्हणाली. "आईच ना तू."

तिने लेकीची फांदी धरली. सालीखाली रस चढलेला होता, फांदी हाताला थंड आणि लवचीक लागली. ही बांधली तेव्हा लेक चार महिन्यांची होती. सासऱ्यांनी कात्री उघडली. इथे तरी आपण बोलू असं तिला वाटलं होतं. आपल्या तोंडून शब्द निघेल आणि मग जे काय व्हायचं ते होईल, असं ती वाट बघत राहिली, दुसऱ्या कुणाची वाट बघावी तशी.

कात्री मिटली. दोनदा.

शेवटी सासूबाईंची फांदी. ती सासरे स्वतःच धरत. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून डाव्या हाताने धरायची, उजव्या हाताने कापायची. त्यांनी फार जपून दोन टोकं काढली आणि वरूनच म्हणाले, "या वर्षी हिला भरपूर येणार."

दहा-बारा दिवस काहीच दिसलं नाही. हवा दमट राहिली. ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी खिडकीतून बघे आणि झाड हिरवंगार दिसे. चौथ्या-पाचव्या दिवशी तर तिला वाटलं, रोपवाटिकावाल्याने उगीच घाबरवलं. त्या दिवशी तिने घरी सगळ्यांसाठी केक नेला. नवऱ्याने विचारलं, कशाबद्दल? "असंच," म्हणाली.

मग एका सकाळी नणंदेच्या फांदीची सगळी टोकं खाली वळलेली होती. संध्याकाळपर्यंत नवऱ्याची. दुसऱ्या दिवशी लेकीची पानं कडेने जळाल्यासारखी काळी झाली, आणि तिसऱ्या दिवशी सासरे शिडी चढून सासूबाईंच्या फांदीपाशी इतका वेळ उभे राहिले की नवऱ्याला त्यांना हाताला धरून खाली आणावं लागलं.

"त्या रोपवाटिकावाल्याला बोलाव," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी बाहेरच्या कुणाला बोलावलं.

तो रविवारी आला. झाडाभोवती एक फेरी मारली, खिशातून चाकू काढून दोन-तीन ठिकाणी साल खरवडली. खाली लाकूड तांबडं झालेलं होतं. खोडाजवळ जाऊन त्याने प्रत्येक फांदीचा सांधा बघितला.

"छाटणी कधी केली?"

"पंधरवडा झाला."

"कुठली फांदी आधी कापली?"

सासऱ्यांनी सुनेच्या फांदीकडे बोट केलं. ती हिरवीगार होती, एक पान वळलेलं नव्हतं.

"आणि दुसरी ही," रोपवाटिकावाला धाकट्याच्या फांदीकडे वळला, ती आता कोळशासारखी झाली होती, "आणि मग याच कात्रीने बाकीच्या. हं. बरोबर. पहिली तेवढी वाचली." त्याने चाकू पुसला. "या पाचही खोडापासून उतरवायला लागतील. आजच. खोडात उतरायला बोटभर राहिलाय."

"वरची एक काडी," सासरे म्हणाले. "एक चांगली काडी काढून घेतो. दुसरीकडे बांधेन."

"चांगली नाही राहिली, साहेब. दिसायला असेल. आत रोग आहे. जिथे बांधाल तिथे नेईल." मग तो वळला, आणि इतका वेळ मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, आणि तो अगदी सरळपणाने म्हणाला, "अहो बाई, तुम्हीच ना? पिशवीत टोक घेऊन आला होतात. मी सांगितलं होतं की, प्रत्येक कापानंतर पुसा म्हणून. शुक्रवार होता बघा."

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला होता, पाणी बादलीत पडत होतं आणि भरत चाललेल्या बादलीचा आवाज बदलत होता.

"तुला माहीत होतं," नवरा म्हणाला.

"सांगत होते मी. शनिवारी."

"शनिवारी नाही. रविवारी. तू तिथे उभी होतीस. तू धरलीस."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "धरली."

सासरे तिच्याकडे बघत होते. ते ओरडतील असं तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या फांदीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. बाजारात एखाद्या सभ्य दुकानदाराचं वजन हातात घेऊन ते असंच उलटसुलट बघत असावेत.

"कुठली जाईल, कुठली राहील हे मला माहीत नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "माझी वाचेल असं मनातसुद्धा नव्हतं."

"मी कुठे काय म्हणालो?" ते म्हणाले, आणि आत गेले.

दुपारभर करवत चालली. पाच फांद्या परसाच्या टोकाला जाळल्या. ओलं लाकूड, धूर फार झाला. उरलेलं झाड एका अंगाला कललं, म्हणून रोपवाटिकावाल्याने त्याला बांबूचा टेकू दिला. जाताना त्याने तिला कागदावर फवाऱ्याचं औषध लिहून दिलं, आणि आपण काय करून बसलो याचा त्याला पत्ता नव्हता.

संध्याकाळी दिराचा फोन आला. तो नवऱ्याशी बोलला, तिला मागितलं नाही. लेकीचा आला तो तिलाच. काकाने सांगितलं म्हणाली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, पेपर कसे गेले ते सांगितलं. मग म्हणाली, "आई, माझ्या वेळी तरी काहीतरी बोलली असतीस."

"हो गं," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटत होतं."

"म्हणजे?"

"काही नाही. जेवलीस का?"

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी लवकर उठली. सासऱ्यांच्या गोळ्या, एक हृदयाची, एक रक्तदाबाची आणि एक अर्धी, पूर्ण घेतली की झोप येते म्हणून मोडलेली, बशीत ठेवल्या. सासूबाई गेल्यापासून हे काम तिचंच होतं. बशी आणि पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी बशी दोन बोटांनी बाजूला सरकवली.

"पाकिटं कुठे आहेत?"

"स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. का, काही कमी-जास्त झालंय का?"

"घेऊन ये. यापुढे माझ्या खोलीत राहतील. माझं मी काढून घेत जाईन."

आवाजात राग नव्हता. ती गेली आणि पाकिटं आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक पाकीट उजेडात धरलं, नाव वाचलं, तारीख वाचली, पाठीमागची चांदी कुठे फाटली आहे का बघितलं. मग ताज्या पाकिटांतून तीन गोळ्या काढल्या आणि पेल्यातलं पाणी खिडकीबाहेर ओतून, उठून स्वतः नळावरून भरून आणलं.

नवरा दाढी करून आला आणि टेबलाशी बसला. तिने एकाच किटलीतून दोघांना चहा ओतला. सासऱ्यांनी कप पुढे ओढला, बशीतला चमचा सरळ केला, पेपर उघडला. कप उचलला नाही. मुलाने पहिला घोट घेईपर्यंत ते पेपरच्या वरच्या कडेवरून बघत राहिले, आणि मग प्यायले.

मुलाने ते पाहिलं. त्याने कप खाली ठेवला, तिच्याकडे बघायचं टाळून बशीकडे बघत राहिला, आणि दुसरा घोट घ्यायला त्याला जरा वेळ लागला.